१५ ऑक्टोबरला हवा कशी असेल? जुन्या नोंदींतून एका तारखेबद्दल काय कळतं

प्रश्न थोडक्यात असा आहे की १५ ऑक्टोबरला उघड्या मैदानावर सकाळपासून अंधार पडेपर्यंत कार्यक्रम ठेवायचाय, अजून सात-आठ महिने हातात आहेत, आणि एका वेबसाइटवर त्या तारखेचं पान सापडलंय. त्यात गेल्या तीस वर्षांचं सरासरी कमाल-किमान तापमान, पावसाची शक्यता २० टक्के, सरासरी पाऊस ४ मिमी, सूर्योदय, सूर्यास्त, दिवसाची लांबी असं सगळं दिलंय. तर यातलं काय धरून चालायचं आणि काय सोडून द्यायचं.

मी गेली वीसेक वर्षं जुन्या हवामान नोंदी तपासायचं, दुरुस्त करायचं आणि त्यातून लोकांना लागतील ते आकडे काढून द्यायचं काम करतेय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. असं पान चुकीचं वाचलं जायला खूप जागा असतात आणि त्याचा फटका ज्यांनी महिनोन्‌महिने तयारी केलेली असते त्यांना बसतो.

त्या पानावर दोन वेगळ्या जातीचे आकडे एकाच टेबलात बसवलेत. उजेडाचे आकडे गणितातून येतात, हवेचे आकडे नोंदींतून येतात. सूर्याला तारीख बऱ्यापैकी कळते, हवेला अजिबात कळत नाही. सूर्याच्या दृष्टीने १५ ऑक्टोबर म्हणजे पृथ्वीच्या कक्षेतली एक ठरलेली जागा, हवेच्या दृष्टीने ती फक्त आपण लावलेली चिठ्ठी आहे, १४ आणि १६ पेक्षा तिच्यात काही वेगळं नसतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी उजेड, कारण तो भाग पक्का आहे. २२ किंवा २३ सप्टेंबरला शरद संपात होतो, म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्तावर येतो, त्यानंतर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सरकतो, आणि १५ ऑक्टोबरला तो साधारण साडेआठ अंश दक्षिणेला असतो. (मी उत्तर गोलार्ध धरून लिहितेय, दक्षिण गोलार्धात त्या दिवशी वसंत चालू असतो, तिथे शरदातला जोडीचा दिवस एप्रिलच्या मध्यात येतो.) यावरून दिवसाची लांबी थेट काढता येते. २० अंश उत्तर अक्षांशावर ती सुमारे ११ तास ४२ मिनिटं येते, ४० अंशांवर ११ तास ११ मिनिटं, ६० अंशांवर १० तास १४ मिनिटं. आणि रोज किती कमी होते ते बघा, २० अंशांवर रोज मिनिटभर, ४० वर अडीच मिनिटं, ६० वर साडेपाच मिनिटांच्या आसपास, म्हणजे उत्तरेकडे कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकलला तर चाळीसेक मिनिटांचा उजेड हातातून जातो, आणि २० अंशांवर तेवढ्याच आठवड्यात जेमतेम आठ मिनिटं जातात. तारीख पुढे-मागे करायचा विचार असेल तर आधी आपला अक्षांश बघा.

लोक नेहमी विचारतात की संपाताच्या दिवशी दिवस-रात्र समान असतात ना, मग टेबलात १२ तास ८-९ मिनिटं का दिसतात. टेबल बरोबर आहे. सूर्योदय म्हणजे सूर्याची वरची कड क्षितिजावर दिसण्याची वेळ, सूर्यबिंबाचा मध्य नव्हे, त्यात बिंबाच्या अर्ध्या रुंदीचा सुमारे १६ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फायदा मिळतो, आणि वातावरणातल्या वक्रीभवनामुळे, म्हणजे प्रकाश वाकल्यामुळे, सूर्य खरं म्हणजे क्षितिजाखाली असतानाच वर उचललेला दिसतो, त्याचे सुमारे ३४ कला धरतात. दोन्ही मिळून सूर्याचा मध्य क्षितिजाच्या ०.८३ अंश खाली असताना सूर्योदय मोजला जातो. म्हणून विषुववृत्तावरसुद्धा दिवस कायम बारा तासांपेक्षा सात मिनिटं मोठा असतो, आणि मध्यम अक्षांशांवर दिवस-रात्र खरोखर समान होतात ते संपातानंतर दोन-तीन दिवसांनी. अर्थात हा हिशोब सपाट क्षितिजाचा आहे. पश्चिमेला डोंगर किंवा उंच इमारती असतील तर मैदानावरचं ऊन टेबलातल्या वेळेच्या बरंच आधी जातं, त्यासाठी आधीच्या वर्षी त्याच सुमारास जागेवर उभं राहून बघण्याइतका चांगला उपाय नाही.

आता एक गोष्ट जी टेबलात असते पण कोणी वाचत नाही. शरदात संध्याकाळ जितक्या झपाट्याने अलीकडे येते तितक्या झपाट्याने सकाळ उशिरा होत नाही. याचं कारण काल समीकरण, म्हणजे घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यातला फरक. सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्य घड्याळाच्या पुढे पुढे जात असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा फरक वर्षातला सगळ्यात मोठा, जवळपास साडेसोळा मिनिटांचा होतो, आणि १५ ऑक्टोबरला तो १४ मिनिटांच्या पुढेमागे असतो. या दिवसांत सूर्याचा माध्यान्ह रोज दहा-पंधरा सेकंदांनी अलीकडे सरकतो आणि त्याबरोबर सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही अलीकडे ओढले जातात. दिवस लहान होण्याचा परिणाम यावर चढला की सूर्यास्ताच्या बाजूला दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात आणि सूर्योदयाच्या बाजूला एकमेकींना थोड्या खातात. कमी अक्षांशांवर हे जास्त जाणवतं, सकाळ महिनाभर जवळपास तशीच वाटते आणि संध्याकाळी मात्र अचानक लवकर अंधार झाल्यासारखा वाटतो. तुमचा कार्यक्रम संध्याकाळपर्यंत आहे म्हणून मुद्दाम सांगतेय, आठवडा इकडे-तिकडे झाला तर सूर्यास्ताची वेळ परत बघा, सकाळची वेळ बघून अंदाज बांधू नका.

सूर्यास्तानंतर किती वेळ विनादिवे काम करता येतं तेही गणितातच बसतं. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश असतो, आकाश मोकळं असेल तर त्यात सामान आवरता येतं, माणसं ओळखू येतात. १५ ऑक्टोबरला हा वेळ २० अंशांवर सुमारे २२ मिनिटं, ४० अंशांवर २७, ६० अंशांवर ४२ मिनिटं मिळतो. ढग दाट असले तर यातला बराचसा वेळ हिशोबात धरू नये.

दुपारची सावलीही बघून ठेवा, मांडव कुठे घालायचा ते त्यावरून ठरतं. माध्यान्हाला ४० अंशांवर सूर्य साडेएक्केचाळीस अंश उंच असतो, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीपेक्षा थोडी लांबच, आणि ६० अंशांवर ती उंचीच्या अडीच पट होते. २० अंशांवर मात्र उंचीच्या निम्मीच सावली पडते, तिथे ऑक्टोबरचं दुपारचं ऊन अजून डोक्यावरच असतं.

दरवर्षी त्याच तारखेला हे आकडे बदलतात का? लीप वर्षाच्या चक्रामुळे सूर्याची जागा अगदी थोडी हलते, ४० अंशांवर दिवसाच्या लांबीत वर्षावर्षांत दीड-दोन मिनिटांचा फरक पडू शकतो, एवढंच. पण जुन्या नोंदी उघडल्या की तारीख आणि घड्याळ या दोन्ही गोष्टी माणसाने बदललेल्या दिसतात, आणि तिथे १५ ऑक्टोबरची गोष्ट खास आहे. १५८२ साली ग्रेगोरियन कॅलेंडर सुरू झालं तेव्हा ज्या देशांनी ते लगेच घेतलं तिथे गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर दुसऱ्या दिवशी थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर आला, मधले दहा दिवस त्या वर्षी नव्हतेच. ब्रिटनने हा बदल १७५२ साली केला, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. म्हणजे १७४० सालच्या एखाद्या इंग्लिश रोजनिशीत '१५ ऑक्टोबर, पहाटे दव गोठलं' असं असेल तर आजच्या हिशोबाने तो २६ ऑक्टोबर, आणि तिथल्या अक्षांशावर या अकरा दिवसांत दिवस चाळीसेक मिनिटांनी लहान झालेला असतो. अशी रोजनिशी तारीख न बदलता आजच्या आकड्यांशेजारी ठेवली तर जुना काळ होता त्याहून जास्त गार वाटणार.

घड्याळाचा गोंधळ तर अगदी अलीकडचा आहे. युरोपच्या मुख्य भूमीवर १९९५ पर्यंत उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे ठेवतात ती) सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी संपायची, १९९६ पासून ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. त्यामुळे १५ ऑक्टोबर १९९५ आणि १५ ऑक्टोबर १९९६ या दोन दिवसांचा सूर्यास्त घड्याळात एक तासाने वेगळा दिसतो, आकाशात काहीही बदललेलं नसताना. तुमच्याकडच्या ताशी नोंदींत मध्येच असा एक तासाचा धक्का दिसला तर घाबरू नका, जागतिक वेळेत (यूटीसी) रूपांतर करून मगच तुलना करा.

उजेड झाला. आता तापमान, आणि इथून पुढे पक्कं असं काही नाही, सगळं विखुरलेलं आहे.

तीस वर्षांची सरासरी ही काही निसर्गाने ठरवलेली गोष्ट नाही. १९३५ साली वॉर्सातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १९०१ ते १९३० हा काळ सामान्य हवामानासाठी प्रमाण धरायचं ठरलं आणि तीसचा आकडा तिथून रुळला, सध्या जागतिक हवामान संघटना १९९१ ते २०२० हा काळ वापरायला सांगते. महिन्याच्या सरासरीसाठी तीस वर्षं ठीक आहेत कारण प्रत्येक महिन्यात तीस दिवस असतात. पण एका तारखेसाठी तीस वर्षं म्हणजे फक्त तीस आकडे. समजा त्या तारखेचं कमाल तापमान वर्षागणिक चार अंशांनी इकडे-तिकडे होतं, शास्त्रीय भाषेत प्रमाण विचलन ४, तर तीस आकड्यांच्या सरासरीतच पाऊण अंशाची अनिश्चितता आली. म्हणून कच्च्या टेबलात १४ ला २४.१, १५ ला २३.२ आणि १६ ला २४.४ असं दिसलं तर त्याचा अर्थ १५ तारीख गार असते असा होत नाही, तो निव्वळ योगायोग असतो. चांगल्या संस्था म्हणूनच रोजच्या सरासरीवर एक गुळगुळीत वक्र बसवतात. तुमच्या साइटवरचा ग्राफ रोज करवतीसारखा वरखाली होत असेल तर समजा की त्यांनी हे केलेलं नाही, मग तुम्ही स्वतः ८ ते २२ ऑक्टोबर असे पंधरा दिवस एकत्र घ्या. तीस वर्षांचे मिळून ४५० आकडे होतात, ते सगळे स्वतंत्र नसतात कारण आजची हवा उद्यावर ओघळते, तरीही तीसपेक्षा कितीतरी जास्त माहिती त्यात असते.

आणि ४५० आकडे हातात आले की सरासरी काढून थांबू नका. ते चढत्या क्रमाने लावा, मधला आकडा बघा, आणि मग खालून पंचेचाळीसावा आणि वरून पंचेचाळीसावा. या दोघांच्या मध्ये दहापैकी आठ दिवस बसतात. मला कोणी विचारलं की एका तारखेबद्दल एकच गोष्ट सांगा तर मी ही पट्टी सांगेन, सरासरी नाही सांगणार, कारण लोकांचे कपडे, पाण्याची सोय, मांडव हे सगळं पट्टीच्या टोकांवर अवलंबून असतं, मधल्या आकड्यावर नव्हे.

शरदाबद्दल माझा एक आवडता पडताळा आहे. १५ ऑक्टोबरला सूर्य जिथे असतो जवळपास तिथेच तो २६-२७ फेब्रुवारीला असतो, दिवसाची लांबी तीच, दुपारच्या सूर्याची उंची तीच. तरी मध्यम अक्षांशांवर दोन्ही दिवसांच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण जमीन आणि त्याहून जास्त समुद्र उन्हाळ्यात साठवलेली उष्णता सावकाश सोडतात. तापमान सूर्याच्या मागे साधारण महिनाभर राहतं, समुद्राकाठी त्याहूनही जास्त. म्हणून शरदात उजेड आणि ऊब यांची जोडी फुटलेली असते, दिवस अजून उबदार आहेत म्हणून लोक उजेडही भरपूर असेल असं धरतात आणि संध्याकाळी फसतात. मी हे कितीतरी वेळा बघितलंय.

रात्रीचं वेगळं. ४० अंशांवर त्या दिवशी रात्र पावणेतेरा तासांची असते, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री न येता सूर्योदयाच्या आसपास, बरेचदा सूर्य उगवल्यानंतर थोड्या वेळाने येतं. दव, सखल भागातलं धुकं, सगळं त्याच वेळेचं. माणसं सकाळी सहाला मैदानावर येणार असतील तर त्यांना भेटणारी हवा म्हणजे किमान तापमानाची हवा, साइटवर मोठ्या अक्षरात दिलेलं कमाल तापमान दुपारी दोन-तीनच्या सुमाराचं असतं. शिवाय किमान तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, लाकडी झडपांच्या पेटीत मोजलेलं असतं, थॉमस स्टीव्हन्सनने १८६४ साली मांडलेल्या रचनेची ती पेटी. गवताच्या पात्यावर निरभ्र पहाटे त्याहून दोन-चार अंश कमी असू शकतात. केबल, ध्वनियंत्रणा, छापील कागद रात्री जमिनीवर ठेवणार असाल तर हे लक्षात घ्या.

आता पाऊस, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेणार कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. 'सरासरी पाऊस ४ मिमी' हा आकडा कसा तयार होतो ते एकदा मांडून बघा. तीस वर्षांपैकी चोवीस वर्षं त्या तारखेला शून्य, पाच वर्षं मिळून २४ मिमी, आणि एका वर्षी वादळ आलं त्यात ९६ मिमी. एकूण १२० भागिले ३०, बरोबर ४. म्हणजे जवळपास कुठल्याच वर्षी ४ मिमी पडलेला नाही, आणि जो दिवस बहुतेक वर्षी कोरडा गेलाय त्याला हा आकडा ओलसर दिवस ठरवतोय, आणि ज्या एका वर्षी मैदान पाण्याखाली गेलं असतं ते मात्र झाकून टाकतोय. पावसाची एका दिवसाची सरासरी कार्यक्रम ठरवायला वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

'शक्यता २० टक्के' हा आकडा त्यापेक्षा बरा, पण त्याचा अर्थ फक्त तीसपैकी सहा वर्षी पाऊस झाला एवढाच. आदल्या दिवशीच्या अंदाजात २० टक्के म्हणतात ते त्या दिवसाची हवा बघून म्हणतात, इथे हवा बघितलेलीच नाहीये. आणि तीसपैकी सहा एवढ्या छोट्या नमुन्यात खरी शक्यता दहा टक्के ते पस्तीस टक्के यात कुठेही असू शकते. दुसरं, पाऊस झाला असं कधी म्हणायचं? भारतात पावसाचा दिवस म्हणायला २.५ मिमी लागतात, ब्रिटनमध्ये ०.२ मिमीलाही पावसाचा दिवस धरतात आणि १ मिमीची वेगळी मोजणी असते. त्याच तीस वर्षांत उंबरठा बदलला की सहाचे दहा होतात किंवा चारही होतात. साइटने कुठला उंबरठा धरलाय ते शोधा, सापडत नसेल तर रोजचे मिमीचे आकडे काढून स्वतःच ठरवा की तुमच्या कार्यक्रमाला किती पाऊस चालतो.

राखीव दिवसाबद्दलही लोक चुकीचं गणित करतात. १५ ला २० टक्के, १६ ला २० टक्के, म्हणजे दोन्ही दिवस भिजण्याची शक्यता २० च्या २० टक्के, चार टक्के, असं. हे बरोबर नाही, कारण पाऊस घोळक्याने येतो. १५ ला पाऊस झालाय हे माहीत असेल तर १६ ची शक्यता बहुतेक ठिकाणी २० पेक्षा बरीच वर जाते. जुन्या नोंदींत हे थेट मोजता येतं, ज्या ज्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी किती वेळा झाला ते मोजा. मी राखीव दिवस लागून ठेवायला सांगत नाही, शक्य असेल तर आठवडाभराने ठेवा, तेवढ्यात हवेची एक घडी बदलून जायला बहुतेक वेळा पुरेसा वेळ मिळतो.

आणि आता ती गोष्ट जी मला सुरुवातीच्या काळात महागात पडली. एका कार्यक्रमासाठी मी पंधरवड्याचं कच्चं टेबल दिलं होतं, त्यात १४ तारखेला सरासरी ७ मिमी आणि १५ ला एक मिमीसुद्धा नाही असं दिसत होतं, मी १४ टाळा म्हणून सांगितलं आणि त्यांनी तारीख बदलली. नंतर मूळ नोंदवह्या चाळल्यावर लक्षात आलं की १४ चे सगळे मिमी एकाच वर्षीच्या एकाच वादळाचे होते, आणि तो पाऊसही १४ ला पडलेला नव्हता, १३ च्या दुपारी पडलेला होता, १४ च्या सकाळी मोजला गेला म्हणून १४ वर लिहिला गेला. त्यांनी माझ्या भरवशावर किती लोकांना परत फोन केले असतील याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो, आणि तेव्हापासून मी 'दिवस' म्हणजे कुठून कुठपर्यंत हे विचारल्याशिवाय एकही आकडा पुढे देत नाही.

कारण हवामान नोंदीतला दिवस मध्यरात्री सुरू होतोच असं नाही. भारतात पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा मोजल्याच्या तारखेवर लिहितात. ब्रिटनमध्ये सकाळी नऊला मोजतात आणि तोच आकडा आदल्या दिवसाच्या तारखेवर टाकतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण 'त्या तारखेचा पाऊस' एकीकडे बराचसा आदल्या दिवसाचा असतो आणि दुसरीकडे त्या दिवसाचा. तुमचा कार्यक्रम दिवसभराचा आहे, त्यामुळे सकाळी मोजून त्याच तारखेवर लिहिण्याची पद्धत असेल तिथे तुम्हाला १६ च्या नोंदी बघायच्यात, १५ च्या नव्हे. ताशी नोंदी मिळाल्या तर उत्तमच, मग रात्री पडून गेलेला पाऊस वेगळा काढता येतो.

साइटचे आकडे आले कुठून तेही बघा. बऱ्याच साइट्स प्रत्यक्ष स्टेशनचे आकडे न वापरता पुनर्विश्लेषणाचे वापरतात, म्हणजे जुन्या नोंदी मॉडेलमध्ये घालून सगळ्या पृथ्वीवर चौकटी भरलेल्या असतात. युरोपियन हवामान अंदाज केंद्राचं ईआरए५ हे त्यातलं एक नावाजलेलं, १९४० पासून दर तासाचं, चौकट सुमारे ३१ किलोमीटरची. काम अफाट आहे आणि मी रोज वापरते, पण ३१ किलोमीटरच्या चौकटीत एखादी टेकडी, दरी, समुद्रकिनारा सगळं एकजीव होतं. चौकटीची उंची ४०० मीटर धरलेली असेल आणि मैदान ९०० मीटरवर असेल तर तापमानात तीन अंशांच्या आसपास फरक निघतो. पावसात मॉडेलचा कल रिमझिम जास्त वेळा आणि मुसळधार कमी दाखवण्याकडे असतो. जवळचं खरं स्टेशन मिळत असेल तर पावसासाठी तेच घ्या, फक्त ते कधी हलवलंय का, भोवती शहर वाढलंय का ते विचारा.

'उजेड ११ तास' आणि 'ऊन' यांचीही गल्लत करू नका. ऊन वेगळं मोजतात, पूर्वी काचेच्या गोळ्याने कार्डावर जळालेली रेघ मोजायचे, कॅम्पबेल-स्टोक्सचं यंत्र, आता थेट सूर्यप्रकाश दर चौरस मीटरला १२० वॉटच्या वर असेल तो वेळ धरतात. शरदात धुकं-ढग जास्त असणाऱ्या जागी ११ तासांच्या दिवसात तीन-चार तास ऊन हेही नेहमीचं असू शकतं.

टोकाच्या घटनांसाठी तीस वर्षांची चौकट फार तोकडी पडते, आणि १५ ऑक्टोबरइतकं चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही. १५ ऑक्टोबर १९५४ ला हेझल चक्रीवादळ अमेरिकेत नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या सीमेजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि त्याच रात्री कॅनडात टोरांटोपर्यंत पोचलं, ओंटारिओत पुराने ८१ माणसं गेली. १५ आणि १६ ऑक्टोबर १९८७ च्या मधल्या रात्री दक्षिण इंग्लंडमध्ये जे वादळ आलं त्यात दीड कोटी झाडं पडली आणि ब्रिटनमध्ये १८ जीव गेले. आता १९९१ ते २०२० चं टेबल उघडा, दोन्ही वादळं त्यात नाहीत. १६ ऑक्टोबर २०१७ ला ऑफिलिया वादळ आयर्लंडवर आलं, ते या तीस वर्षांत आहे, पण फक्त १५ ची ओळ बघणाऱ्याला तेही दिसणार नाही. म्हणून वारा आणि अतिवृष्टीसाठी त्या जागेची मिळेल तितकी लांब नोंद घ्या आणि तारखेच्या दोन्ही बाजूंचे किमान दहा दिवस बघा. काही ठिकाणी अशा नोंदी खूप मागे जातात, मध्य इंग्लंडची रोजची तापमानमालिका १७७२ पासून आहे, प्रागच्या क्लेमेंटिनम वेधशाळेची १७७५ पासून. कोणीतरी अडीचशे वर्षं रोज तापमापक वाचत आलंय ही गोष्ट मला आजही थक्क करते.

पण लांब नोंद तापमानाच्या अपेक्षेसाठी जशीच्या तशी घेऊ नका, कारण पाया सरकलाय. १९६१ ते १९९० आणि १९९१ ते २०२० या दोन काळांत जागतिक सरासरी साधारण अर्ध्या अंशाने वाढली, जमिनीवर बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त. आणि १९९१ ते २०२० चा मध्य २००५ च्या आसपास येतो, म्हणजे 'सध्याचं सामान्य' म्हणून छापलेला आकडासुद्धा आता वीस वर्षं जुना आहे. मी तापमानाची पट्टी काढताना शेवटची पंधरा वर्षं वेगळी काढून शेजारी ठेवते, पट्टी वर सरकलेली दिसली तर नियोजन त्या वरच्या पट्टीवर करते.

तर तुमच्या जागी मी असते तर आत्ता उजेडाचं वेळापत्रक पक्कं करून टाकलं असतं, सूर्यास्त आणि त्यानंतरचा संधिप्रकाश मिनिटांसकट, कारण त्यात आता काही बदलणार नाही. मग जवळच्या स्टेशनचे ८ ते २२ ऑक्टोबरचे रोजचे आकडे मागवले असते, तापमानाची दहापैकी आठ दिवसांची पट्टी काढली असती, पावसाचे दिवस स्वतःच्या उंबरठ्याने मोजले असते आणि कमीत कमी पन्नास वर्षांतला सगळ्यात वाईट वारा आणि सगळ्यात जास्त पाऊस शोधून मांडवाच्या कंत्राटदाराला तो आकडा लिहून दिला असता. इतिहासाचा उपयोग तारीख, जागा आणि मांडव ठरवेपर्यंतच आहे. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधीपासून हे टेबल बाजूला ठेवा आणि रोजचा अंदाज बघायला लागा, शेवटच्या पाच दिवसांत तर फक्त अंदाजच बघा, तेव्हा ती हवा खरोखर तयार होत असते आणि तिची मोजमापं चालू असतात. जागेचा अक्षांश, उंची आणि जवळच्या स्टेशनचं नाव सांगितलंत तर त्या स्टेशनवर पावसाचा दिवस कुठून कुठपर्यंत धरतात ते आणि सूर्यास्ताची नेमकी वेळ मी काढून देते.